पडद्यावरचा पाखला

(भंडारा येथील एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी जन्मभर इतिहास शिकवला. त्यांच्या स्मरणार्थ बोलायचे म्हणून मी विषय घेतला आहे गोव्याचा, आणि तोही जरा आडवाटेचा. गोवामुक्तीच्या काळात आणि पुढच्या काही वर्षांत पोर्तुगीज सैनिक सिनेमाच्या पडद्यावर कसा रंगवला गेला, यावर मी बोलणार आहे. गोव्यात गोऱ्या पोर्तुगिजाला पाखलो म्हणत. मी त्याला आपल्या मराठीत पाखला म्हणेन.

मला जे म्हणायचे आहे ते आधीच सांगून टाकतो. भारताच्या पडद्याने या पाखल्याचा क्रूरकर्मा केला किंवा विदूषक केला. पोर्तुगालच्या पडद्याने त्याचा वीरपुरुष केला आणि तो हरल्यावर त्याला पुसून टाकले. दोन्हीकडे माणूस हरवला, याचे दुःख आहेच. पण मला त्याहून मोठे नुकसान दिसते ते वेगळे. पडद्यावर एक दुष्ट गणवेश उभा केला की त्यामागची राज्यव्यवस्था नजरेआड होते. गोव्याच्या सत्याग्रहींनी जे सोसले ते एखाद्या माथेफिरू अंमलदाराने केलेले नव्हते. ते कायद्याने, कोर्टाने, पोलीस ठाण्याने आणि लिस्बनहून आलेल्या हुकमाने केलेले होते.

आता भंडाऱ्यात बसून गोव्याचे काय, असे कुणी विचारील. इथून पणजी हजारेक किलोमीटर. १९५५ साली आपण मुंबई राज्यातही नव्हतो. जुन्या मध्य प्रदेशात होतो आणि आपली राजधानी नागपूर होती. पुण्यात १९५४ मध्ये गोवा विमोचन सहायक समिती उभी राहिली, केशवराव जेधे, जयंतराव टिळक, एस. एम. जोशी, नानासाहेब गोरे अशी माणसे तिच्यात होती, सत्याग्रहींच्या तुकड्या सावंतवाडी-बेळगावकडून निघत होत्या. हे सगळे इथल्या माणसाला कळत होते ते वर्तमानपत्रातून. आणि दिसत होते ते सिनेमाच्या थिएटरात, मुख्य चित्रपटाच्या आधी.

ही व्यवस्था कशी चालायची ते थोडे सांगितले पाहिजे, कारण नव्या पिढीने ती पाहिलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने युद्धप्रचारासाठी १९४३ मध्ये 'इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया' ही संस्था काढली आणि सरकारी चित्रफीत दाखवणे थिएटरवाल्यांना सक्तीचे केले. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये ती बंद झाली. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये आपल्या सरकारने 'फिल्म्स डिव्हिजन' स्थापन केली आणि सक्तीची ती पद्धत पुन्हा अंगीकारली. प्रत्येक खेळाच्या आधी मान्यताप्राप्त माहितीपट किंवा समाचारपट दाखवायचा, आणि त्याचे भाडेही थिएटरवाल्यानेच भरायचे. दर आठवड्याला नवा समाचारपट निघे, अनेक भाषांत निघे, मराठीतही. मोठ्या शहरांत तो आधी लागे, मग त्याच प्रती फिरत फिरत लहान गावांकडे येत. आपला भाग सिनेधंद्याच्या हिशेबात सीपी-बेरार सर्किटमध्ये मोडायचा आणि चित्रपट-वितरकांची कार्यालये अमरावतीला असायची. फिल्मच्या पत्र्याच्या पेट्या रेल्वेने यायच्या. दिल्ली-मुंबईने जी घटना ताजी असताना पाहिली, ती तालुक्याच्या टुरिंग टॉकीजमधल्या माणसाने बऱ्याच उशिरा पाहिली असणार. तोवर बातमी शिळी झालेली असे, उरलेले असे फक्त चित्र आणि निवेदकाचा भारदस्त आवाज. प्रचारपटाचा खरा परिणाम असा होतो, असे मला वाटते. माहिती आधीच पोचलेली असते. पडदा तिला चेहरा देतो.

आणि १९६१ च्या डिसेंबरात चेहरा देण्याजोगे चित्र फार थोडे होते. गोवा मुक्त करणारी भारतीय लष्कराची कारवाई, 'ऑपरेशन विजय', १७ डिसेंबरच्या रात्री सुरू झाली आणि १९ तारखेला संपली. मेजर जनरल के. पी. कँडेथ यांची १७ वी इन्फंट्री डिव्हिजन आणि ब्रिगेडियर सगत सिंग यांची ५० वी पॅरा ब्रिगेड गोव्यात शिरली. गोव्यात पोर्तुगीज सैनिक होते सुमारे साडेतीन हजार. भारतीय फौज त्यांच्या कितीतरी पट. वास्कोला गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली ती १९ तारखेच्या रात्री साडेआठच्या सुमारास, मोटारींच्या दिव्यांच्या झोतात. साडेचारशे वर्षांची सत्ता संपली तो क्षण कॅमेऱ्याला सोयीचा नव्हता. म्हणून त्या काळच्या समाचारपटांत आपल्याला दिसतात ती दुसऱ्या दिवसाची दृश्ये: तिरंगा, रस्त्यावरची गर्दी, फुलांचे हार, आणि मधूनच नि:शस्त्र बसवलेले पोर्तुगीज सैनिक. कॅमेरा त्यांच्यावरून सरकतो. एकाचेही नाव कळत नाही, आवाज ऐकू येत नाही. बोलतो तो फक्त आपला निवेदक.

या युद्धात आवाजाचे महत्त्व किती होते ते पाहा. १८ डिसेंबरच्या सकाळी भारतीय विमानांनी ज्या ठिकाणांवर मारा केला त्यात दाबोळीच्या धावपट्टीबरोबर बांबोळीचे रेडिओ केंद्रही होते. आणि त्याच्या आधी सहा वर्षे, २५ नोव्हेंबर १९५५ पासून, वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ही दोन तरुण माणसे सीमेवरच्या आंबोली-कॅसलरॉकच्या जंगलात राहून भूमिगत रेडिओ चालवत होती. 'गोंयचे सोडवणेचो आवाज' हे त्याचे नाव. कार्यक्रम कोकणीत होत आणि पोर्तुगीजमध्येही होत. पोर्तुगीजमध्ये कशासाठी? गोव्यातल्या पोर्तुगीज शिकलेल्या वर्गाने ऐकावे म्हणून, आणि छावणीतल्या त्या परक्या सैनिकाच्या कानावरही ते पडावे म्हणून. अंगोलात काय चालले आहे, जग साम्राज्याबद्दल काय बोलते आहे, हे त्याला त्याच्या भाषेत सांगितले जात होते. संपूर्ण लढ्यातल्या प्रचारात मला हा भाग सर्वांत सभ्य वाटतो. इथे शत्रूच्या शिपायाला विचार करणारा माणूस मानले होते.

हिंदी सिनेमाने तसे मानले नाही. १९६५ मध्ये आय. एस. जोहर यांचा 'जोहर मेहमूद इन गोवा' आला. दोन विनोदवीर, गाणी, वेषांतरे, आणि त्यांच्या हातून फजित होणारे पोर्तुगीज अंमलदार. आपल्या झाडीपट्टीच्या दंडारीत सोंग आले की टोपीवरून आणि चालीवरून लोक ते ओळखतात, त्याला स्वभाव असण्याची गरज नसते. या चित्रपटातला पोर्तुगीज तसाच येतो. सिनेमा चालला. १९६२ च्या चीन युद्धाने खचलेल्या प्रेक्षकाला जिंकलेल्या लढाईची करमणूक हवी होती आणि गोवा ही जिंकलेली लढाई होती. हा मानसिक आधार मी कमी लेखत नाही. पण १९५५ च्या १५ ऑगस्टला गोव्याच्या सीमेवर नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या आणि वीसहून अधिक माणसे मेली, त्याला तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती. पत्रादेवीला कर्नैल सिंग पडला तो पंजाबचा शिक्षक होता. गोळी झाडणारे हात विदूषकाचे नव्हते.

ख्वाजा अहमद अब्बास यांचा 'सात हिंदुस्तानी' १९६९ च्या नोव्हेंबरात आला. अमिताभ बच्चन यांचा पहिला चित्रपट म्हणून तो आज ओळखला जातो. अब्बास यांची तळमळ खरी होती. देशाच्या वेगवेगळ्या भागांतली माणसे गोव्यात शिरतात, मारिया नावाची गोव्याची स्त्री त्यांना साथ देते, पोर्तुगिजांच्या किल्ल्यांवर तिरंगा लावायचा. अब्बास यांनी मुद्दाम एका प्रांताच्या नटाला दुसऱ्या प्रांताची भूमिका दिली: बंगाली उत्पल दत्त पंजाबी झाले, मल्याळी मधू बंगाली झाले, आणि जलाल आगा मराठी सखाराम शिंदे झाला. राष्ट्रीय एकात्मतेचे पारितोषिक या चित्रपटाला मिळाले ते योग्यच होते. पण याच चित्रपटात पोर्तुगीज छळछावणी दिसते ती कशी? अंधारी कोठडी, मारझोड, आणि समोर गणवेशातला राक्षस. अब्बास यांनी सात भारतीयांना सात स्वभाव दिले. समोरच्याला एकही दिला नाही. सत्याग्रही का गप्प राहिला ते प्रेक्षकाला कळते. मारणारा कुणाच्या हुकमाने मारतो आहे, हे कळत नाही.

आता याच १९६९ सालातली दुसरी गोष्ट ऐका. जानेवारीत मोहन रानडे सुटले. बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात १९५५ च्या ऑक्टोबरात ते जखमी होऊन पकडले गेले होते. लष्करी न्यायालयाने त्यांना २६ वर्षांची शिक्षा ठोठावली. त्यांना पोर्तुगालला नेले, काशियाशच्या किल्ल्यात ठेवले, कैक वर्षे एकांतवासात. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला आणि हा माणूस पुढे सात वर्षे लिस्बनजवळ तुरुंगातच होता. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके झटले. ज्यांची गाणी आपण रोज ऐकतो तेच बाबूजी १९५४ मध्ये दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात स्वतः उतरले होते. रानडे यांनी आपली हकीकत 'सतीचे वाण' या पुस्तकात लिहिली. पडद्यावरच्या छळदृश्यांपेक्षा त्या आयुष्याची नुसती कालगणनाच जास्त बोलते. १३ वर्षे एका माणसाला कोंडून ठेवायला राक्षस पुरत नाही. त्याला कारकून लागतात, न्यायाधीश लागतात, पहारा बदलणारे शिपाई लागतात, शिक्के लागतात.

आणि राक्षसच शोधायचा झाला तर सत्य आपल्याला अवघड जागी नेते. गोव्यातल्या राजकीय कैद्यांना ज्याच्या नावाने कापरे भरे तो पोलीस अंमलदार काझिमिरु मोंतैरु गोव्यातच जन्मलेला होता. पुढे तो पोर्तुगालच्या राजकीय पोलिसांत गेला. १९६५ च्या फेब्रुवारीत पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचे विरोधक जनरल उंबेर्तु देलगादु यांचा स्पेनच्या हद्दीत खून झाला, त्यात त्याचा हात असल्याचे पोर्तुगालच्या न्यायालयानेच नंतर ठरवले. आमच्या सत्याग्रहींना छळणारा आणि पोर्तुगालच्या लोकशाहीवाद्याला मारणारा माणूस एकच. लढा पोर्तुगीज लोकांशी नव्हता, एका हुकूमशाहीशी होता, हे सांगायला याहून मोठा पुरावा कोणता हवा? हिंदी सिनेमाच्या कुणाही लेखकाने ही गोष्ट उचलली नाही. ती उचलली असती तर पडद्यावरचा गोरा गणवेश पुरेसा ठरला नसता.

पलीकडच्या बाजूला वळू. सालाझारच्या राजवटीत प्रचाराचे स्वतंत्र सचिवालय होते, अंतोनियु फेर्रु या लेखकाने ते उभारले होते. सेन्सॉरची निळी पेन्सिल तिथल्या लोकांना इतकी परिचयाची होती की आजही त्या काळाची खूण म्हणून तिचेच नाव घेतात. १९५१ मध्ये घटना बदलून वसाहतींना 'सागरपार प्रांत' म्हणायला सुरुवात झाली. मग गोव्यातला सैनिक दुसऱ्याची भूमी दाबून बसलेला उरत नव्हता, तो स्वतःच्याच प्रांताचा रखवालदार ठरत होता. १९५३ मध्ये 'शाइमिते' हा चित्रपट आला. १८९५ मध्ये मोझांबिकमधला राजा गुंगुन्याना याला मोझिन्यु द अल्बुकेर्क याने पकडले त्याची ती कथा. मूठभर पोर्तुगीज, भोवती हजारो शत्रू, आणि शेवटी विजय. 'इमाझेन्श द पुर्तुगाल' नावाचा समाचारपट १९५३ पासून थिएटरांत दाखवला जाई. सैनिक बोटीवर चढतो, आई रुमाल हलवते, धर्मगुरू आशीर्वाद देतो. या चित्रांतला सैनिक नेहमी निघालेला असतो. परतलेला फार कमी दिसतो.

पुन्हा दादऱ्याकडे या. २२ जुलै १९५४ रोजी दादऱ्याच्या पोलीस चौकीवर हल्ला झाला तेव्हा तिथला उपनिरीक्षक आनिसेतु दु रोझारियु लढताना मारला गेला. तो भारतीय वंशाचा होता. सालाझारच्या प्रचाराने त्याला पोर्तुगीज साम्राज्याचा हुतात्मा केले, कारण 'आमचे प्रांत' हे म्हणणे खरे ठरवायला असाच मेलेला माणूस हवा होता. तिकडचा वीर आणि इकडचा राक्षस, दोघेही याच मातीतले. प्रचाराला दोघांच्याही चेहऱ्यांची अडचण होत होती, म्हणून दोन्हीकडे चेहरे बदलून घेतले गेले.

मग डिसेंबर १९६१ आला. १४ तारखेला सालाझारने गव्हर्नर जनरलला तार पाठवली. तिचा आशय असा की शरणागती चालणार नाही. सैनिक आणि खलाशी विजयी तरी दिसावेत नाहीतर मेलेले. निदान आठ दिवस तग धरावा, म्हणजे जगाला जागे करता येईल. हा हुकूम मी प्रचारपटाची पटकथाच मानतो. साडेतीन हजार तरुणांना एका चित्रासाठी मरायला सांगितले होते. वासालु इ सिल्वा यांनी ती पटकथा नाकारली. काही मुख्य पूल उडवले गेले, पण शहरे जाळली नाहीत, माणसे वाचवली. दोन्ही बाजूंचे मिळून मृत पन्नासच्या आसपास राहिले: भारताचे २२, पोर्तुगालचे सुमारे ३०.

इथे एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. मुरगावच्या बंदरात 'अफोंसु द अल्बुकेर्क' ही पोर्तुगीज युद्धनौका एकटी उभी होती. १९३५ पासून सेवेत असलेली, म्हणजे २६ वर्षांची जुनी बोट. १८ डिसेंबरला दुपारी बाराच्या सुमारास भारतीय नौदलाच्या 'बेतवा' आणि 'बियास' या नव्या फ्रिगेट तिच्यासमोर आल्या. कप्तान अंतोनियु द कुन्या अरागांव याने शरण येण्याचा इशारा मानला नाही, तोफा डागल्या. थोड्याच वेळात तो स्वतः गंभीर जखमी झाला आणि बोट किनाऱ्याच्या गाळात रुतवावी लागली. लढाई संपल्यावर 'बेतवा'चे कमांडर आर. के. एस. गांधी त्याला पणजीच्या रुग्णालयात भेटायला गेले. ज्याच्यावर गोळे टाकले त्याची विचारपूस करायला. तुम्हीच सांगा, या प्रसंगात सिनेमाला काय कमी होते? नाट्य होते, भारतीय नौदलाची शान होती, विजेत्याचा मोठेपणा होता. आपल्या गोव्यावरच्या गाजलेल्या चित्रपटांत तो कुठेही नाही. त्यात शत्रूला शूर म्हणावे लागले असते आणि प्रचाराला ते परवडत नाही.

पोर्तुगालच्या पडद्यालाही ते परवडले नाही. लिस्बनच्या वर्तमानपत्रांनी आणि रेडिओने सुरुवातीला घनघोर प्रतिकाराच्या बातम्या दिल्या. खरे कळले तेव्हा लाजिरवाणी शांतता पसरली. युद्धकैदी फोंडा, वास्को, नावेली इथल्या छावण्यांत पाच महिने होते. १९६२ च्या मे महिन्यात त्यांना विमानाने कराचीला आणि तिथून बोटींनी मायदेशी नेले. लिस्बनच्या धक्क्यावर त्यांच्या स्वागताला बंदूकधारी लष्करी पोलीस उभे होते. गुन्हेगारांसारखे उतरवले त्यांना. १९६३ मध्ये वासालु इ सिल्वा आणि काही अधिकाऱ्यांना सैन्यातून काढून टाकले. ज्या समाचारपटांनी निघालेल्या बोटी हौसेने दाखवल्या, त्यांना या परतलेल्या बोटी नको होत्या.

पोर्तुगालचे आफ्रिकेतल्या वसाहतींमधले युद्ध मात्र चालूच राहिले, १९७४ पर्यंत. त्या काळातली एक चित्रमालिका आहे, तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. नाताळच्या सुमारास पोर्तुगालचे दूरदर्शन सैनिकांचे निरोप दाखवी. एकामागून एक मुलगे मायक्रोफोनपुढे येत. नाव, हुद्दा, मग आईवडिलांना, बायकोला, भावंडांना सणाच्या शुभेच्छा, आणि परत येईपर्यंत निरोप असावा असे शेवटचे ठरलेले वाक्य. राजवटीने हे दाखवले ते मनोबल चढवायला. पण पाहताना दिसतात ती वेगळीच माणसे. शेतकऱ्यांची पोरे, कॅमेऱ्याकडे कसे पाहावे हे न कळलेली, वाक्य पाठ करून आलेली, घाईत चुकणारी. कुणाचे ओठ कोरडे पडलेले, कुणाचे डोळे निवेदकाला शोधणारे. संपूर्ण साम्राज्याच्या प्रचारात पोर्तुगीज सैनिक खरा सापडतो तो इथे, कारण त्याला नाव विचारले गेले आणि बोलू दिले गेले. पटकथा कितीही पक्की असली तरी वीस वर्षांच्या पोराचा चेहरा तिच्यातून निसटतोच.

पोर्तुगालने पुढे हिशेब मांडला. मानुएल द ओलिव्हैरा यांच्या १९९० च्या 'नॉन, ओ आ व्हां ग्लोरिया द मांदार' या चित्रपटात आफ्रिकेत ट्रकमधून चाललेले सैनिक आपल्या लेफ्टनंटकडून देशाच्या जुन्या पराभवांच्या कथा ऐकतात, आणि तो लेफ्टनंट मरतो २५ एप्रिल १९७४ रोजी, म्हणजे लिस्बनमध्ये हुकूमशाही कोसळली त्याच दिवशी. आपल्याकडे असे काम सिनेमाने केले ते श्याम बेनेगल यांच्या 'त्रिकाल'ने, १९८५ मध्ये; पण त्याचे लक्ष गोव्याच्या जमीनदार घराण्याकडे आहे, सैनिक त्यात कडेला राहतो. सैनिकाच्या अगदी जवळ गेले ते साहित्य. तुकाराम शेट यांची 'पाखलो' ही कोकणी कादंबरी पोर्तुगीज सैनिकापासून गावातल्या स्त्रीला झालेल्या मुलाची आहे. सैनिक निघून गेला, राज्य गेले, आणि गोरी कातडी घेऊन तो मुलगा गावात राहिला. अत्याचार आणि माणूसपण या दोन्ही गोष्टी एका आयुष्यात कशा नांदतात, ते या छोट्या पुस्तकाने दाखवले. आपल्या सिनेमाला ते जमले नाही.

हे सगळे भंडाऱ्यात का सांगतो, तर इथे जवळच जवाहरनगर आहे. तिथल्या दारूगोळा कारखान्यात पिढ्यान्‌पिढ्या कामाला जाणारी घरे या सभागृहात बसली आहेत. २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटात त्या कारखान्यातले अनेक कामगार गेले. तोफेचा आवाज पडद्यावर ऐकताना त्यामागे कुणाचे हात असतात हे या जिल्ह्याला सांगावे लागत नाही. म्हणून युद्धपटाकडे जाणतेपणाने पाहण्याची अपेक्षा मी मुंबईपेक्षा भंडाऱ्याकडून जास्त करतो.

त्या गव्हर्नर जनरलचे पुढे काय झाले तेही सांगतो. वासालु इ सिल्वा यांना १९७४ च्या क्रांतीनंतर त्यांचा हुद्दा परत मिळाला. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. १९८० मध्ये वासालु इ सिल्वा गोव्याला आले आणि गोवेकरांनी त्यांचे आपुलकीने स्वागत केले. गोवेकर त्यांच्या राज्याचे कौतुक करत नव्हते. मरेपर्यंत लढायचा हुकूम असताना ज्याने माणसे वाचवली, त्या माणसाला ते भेटत होते.

शेवटी संयोजकांना एक विनंती. फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली आणि तिचा जुना ठेवा आता तिथे आहे. पोर्तुगालच्या दूरदर्शननेही आपला संग्रह अभ्यासकांना खुला केला आहे. या दोन्हीकडची गोव्याची दृश्ये मागवून, १९ डिसेंबरच्या आसपास एका संध्याकाळी इथे एकापाठोपाठ एक दाखवावीत. आणि जिल्ह्यात ज्यांनी टुरिंग टॉकीजमध्ये प्रोजेक्टर चालवला, पेट्या वाहिल्या, तंबूत बसून हे समाचारपट पाहिले, अशा वृद्धांना पहिल्या रांगेत बसवून, त्यांना तेव्हा काय दिसले ते विचारून लिहून घ्यावे.